पहिल्या रांगेसाठी मागची भिंत

पुण्यात पेठेतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेने आपल्या सभागृहाची ध्वनिव्यवस्था सुधारण्याचे काम माझ्याकडे दिले, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंचे म्हणणे स्पष्ट होते. मागे बसलेल्या मुलांना ऐकू येत नाही, म्हणून आणखी मोठे स्पीकर हवेत. तपकीर गल्लीतून आणलेले दोन भलेमोठे स्पीकर रंगमंचाच्या दोन्ही अंगांना आधीच उभे होते, पुढे भर म्हणून बाजूच्या भिंतींवर आणखी दोन चढवले होते, आणि तरीही स्नेहसंमेलनातल्या नाटकाचे संवाद कळत नाहीत ही पालकांची तक्रार दरवर्षी येतच होती.

सभागृह २४ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ७ मीटर उंच आहे. भिंतींना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी आणि बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या. आवाज शोषून घेईल असे रंगमंचाच्या पडद्याखेरीज तिथे फारसे काही नव्हते. रिकाम्या सभागृहात फुगे फोडून मोजणी केली, तेव्हा निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ, सुमारे ३ सेकंद आला. एवढ्या आकारमानाच्या दालनात भाषण नीट समजायचे असेल, तर तो १ सेकंदाच्या आसपास असावा लागतो. बोलताना आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज उच्चारतो. निनाद लांबला की आधीच्या अक्षराचा जोरकस स्वर रेंगाळत राहतो आणि पुढच्या अक्षरातले नाजूक व्यंजन त्याखाली बुडून जाते.

आकड्यांवर मी कधीच थांबत नाही. यंत्राला अर्थ कळत नाही, मुलांना कळतो. म्हणून सहावीचा एक वर्ग सभागृहभर पांगवून बसवला आणि मराठीच्या बाईंना रंगमंचावरून माइकवर एकेक सुटा शब्द वाचायला सांगितला: सात, हात, पाट, पाठ, काच, काठ, खार, घार. वाक्य असले की मुले संदर्भावरून अंदाज बांधतात, सुट्या शब्दात ती सोय राहत नाही. मुलांनी ऐकू आले तसे वहीच्या पानावर लिहिले आणि ती पाने मी रांगेप्रमाणे टेबलावर मांडली.

मागच्या रांगांत ‘सात’चे ‘हात’ आणि ‘पाठ’चे ‘पाट’ झाले होते, ते अपेक्षितच होते. मात्र पहिल्या दोन रांगांची पानेही जवळजवळ तितकीच चुकलेली होती, आणि मधल्या रांगा त्यांच्यापेक्षा बऱ्या होत्या. पहिल्या रांगेतल्या एका मुलाचे पान तर अर्धे कोरेच होते. त्याच्या कानाला श्रवणयंत्र होते आणि त्याला नीट ऐकू यावे म्हणून बाई त्याला प्रत्येक कार्यक्रमात आवर्जून पुढे बसवत. मी शेजारी बसून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, इथं माइक सुरू झाला की मी मशीन बंद करतो. सगळं दोनदा येतं.”

त्याने केलेले वर्णन शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते. रंगमंचाजवळचे स्पीकर उंचावर होते आणि त्यांची तोंडे थेट मागच्या भिंतीकडे होती. त्यामुळे व्यंजने ज्या उच्च कंप्रतांत असतात त्या पहिल्या रांगेच्या डोक्यावरून निघून जात आणि तिथे नुसता खर्जाचा भाग पोहोचे. पुढे तोच आवाज मागच्या कोऱ्या भिंतीवर आपटून परत येई. हा जादा प्रवास साधारण ३६ मीटरचा, म्हणजे ध्वनीच्या वेगाने एक दशांश सेकंदाहून थोडा अधिक. नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनीसाठी साधारण एवढेच कालांतर शिकवतात. निरोगी कान बऱ्याच अंशी मूळ आवाज आणि परावर्तन वेगळे काढू शकतो, परंतु श्रवणयंत्र दोन्ही एकत्रच वाढवून कानात घालते. जी जागा त्या मुलासाठी मायेने राखली होती, तीच त्याला सर्वांत अवघड होती.

नवे स्पीकर आणून हे सुटणार नव्हते, आणि ते मुख्याध्यापिका बाईंना त्याच दिवशी प्रत्यक्ष दाखवणे मला आवश्यक वाटले. आवाज वाढवला की स्पीकरकडून सरळ येणारा ध्वनी वाढतो तसाच सभागृहभर घुमणाराही तितकाच वाढतो, दोहोंचे प्रमाण बदलत नाही. त्या सभागृहात साधे बोलणाऱ्या माणसापासून सव्वादोन मीटर दूर गेले की घुमणारा भाग वरचढ होत होता. शाळेत गाण्याच्या बैठकीसाठी कापसाच्या जाड गाद्या होत्या. शिपाईमामांनी मागच्या भिंतीशी बाके उभी केली आणि त्यांवर गाद्या टेकवून ठेवल्या. स्पीकरला हात लावला नाही, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच कारण कळते. पुन्हा शब्द वाचले. पुढच्या रांगांची पाने ठळकपणे सुधारली, आणि त्या मुलाने या वेळी यंत्र सुरू ठेवले.

अशीच परीक्षा १८९५ मध्ये वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डमध्ये सुरू केली होती. बोललेले कळेनासे झालेल्या एका व्याख्यानगृहात रात्रीच्या शांततेत शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्यांनी निनाद मोजला आणि त्यातून दालनाचे आकारमान, शोषण आणि निनादकाळ यांचे सूत्र बांधले. आम्ही आजही त्याच सूत्राने हिशेब मांडतो.

त्या हिशेबाने रिकाम्या सभागृहाचे शोषण, आवाज पूर्णपणे गिळणाऱ्या पृष्ठभागाच्या मापात, १३५ चौरस मीटरच्या आसपास होते. चारशे मुले बसली की त्यात सुमारे १४० ची भर पडते, तरी निनादकाळ दीड सेकंदच राहतो. मी १८० चौरस मीटर शोषक फलक सुचवले: आधी पूर्ण मागची भिंत, मग बाजूच्या भिंतींचे वरचे पट्टे आणि उरलेले छताच्या मागच्या अर्ध्या भागात. रंगमंचासमोरचे छत मुद्दाम कडकच ठेवले, कारण तिथून लगेच परतणारा आवाज मूळ शब्दाला बळ देतो. जुनी स्पीकरची जोडी उतरवून त्या जागी अरुंद स्तंभ स्पीकर श्रोत्यांकडे झुकवून लावले आणि बाजूच्या भिंतींवरची जोडी ठेवली, पण तिला विलंब दिला. ती रंगमंचापासून १४ मीटरवर असल्याने पुढचा आवाज तिथे पोहोचायला सुमारे ४१ मिलिसेकंद लागतात. त्यावर आणखी १२ मिलिसेकंद थांबवले की कानाला शब्द रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो. मंडळाने निधी दोन टप्प्यांत देण्याचे ठरवले, तेव्हा पहिल्या टप्प्यात स्पीकर नव्हे, फलक घ्यावेत असा माझा आग्रह होता, आणि मुख्याध्यापिका बाईंनी तो मंडळापुढे स्वतः मांडला.

दोन्ही टप्पे झाल्यावर तोच वर्ग, तीच बाई, फक्त शब्द नवे, अशी परीक्षा पुन्हा घेतली. मागच्या रांगेत अजूनही थोड्या चुका होत्या आणि त्यातल्या बऱ्याचशा खडखडणाऱ्या पंख्याखालच्या होत्या, म्हणून पंख्यांचे काम वेगळे काढले. यंत्र लावणाऱ्या मुलाने या वेळी आपणहून पाचव्या रांगेत मित्रांशेजारी जागा घेतली होती आणि त्याचे पान वर्गातल्या बाकीच्यांसारखेच भरलेले होते.

शाळेच्या हाती दिलेल्या सूचनांत एक सूचना मी ठळक अक्षरांत लिहिली आणि रंगकाम करणाऱ्यांनाही दाखवायला सांगितली: मे महिन्याच्या सुट्टीत भिंती रंगवताना फलकांवर रंगाचा हात फिरवू नये आणि कार्यक्रमाचे फ्लेक्स मागच्या भिंतीवर ताणून लावू नयेत, कारण फलकांवरच्या कापडाची छिद्रे बुजली की आवाज आत शिरत नाही आणि ती भिंत पुन्हा पूर्वीसारखी होते.