लॉगिन न करता पासवर्ड दिसतायत, हे कंपनीला पटवायला गेलेले चार आठवडे

राउटर-स्विच सांभाळायला आमच्याकडे एक नेटवर्क मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आहे, कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही. एकदा कॉन्फिग बॅकअपची, म्हणजे डिव्हाइसच्या सेटिंगच्या फाइलची, लिंक चुकून दुसऱ्या ब्राउझरमध्ये पेस्ट झाली, तिथे मी लॉगिनच नव्हतो, तरी फाइल सरळ डाउनलोड झाली. उघडून बघतो तर कोअर स्विचची अख्खी कॉन्फिग, आणि त्यात एसएनएमपीची (नेटवर्कवरची डिव्हाइस लांबून सांभाळायचा प्रोटोकॉल) रीड-राइट कम्युनिटी स्ट्रिंग जशीच्या तशी. एसएनएमपीच्या व्हर्जन 2सी मध्ये ती स्ट्रिंग म्हणजेच पासवर्ड, ज्याच्या हातात पडली तो स्विचची सेटिंग बदलू शकतो. लिंकमधला शेवटचा आकडा एकाने वाढवला की पुढच्या डिव्हाइसची फाइल!

त्याच दिवशी सपोर्टला तिकीट टाकलं आणि तिथेच अडकलो. आधी कॉन्ट्रॅक्ट नंबर, मग लॉग, मग सर्व्हिस रीस्टार्ट करून बघा. मी म्हणतोय काही बंद पडलेलं नाही हो, उलट जे बंद असायला हवं ते उघडं आहे! उत्तर आलं, "हे सॉफ्टवेअर इंटर्नल नेटवर्कसाठी आहे, त्यामुळे हा बग नाही", आणि तिकीट क्लोज. पुन्हा उघडलं, पुन्हा क्लोज, तीन वेळा. इंटर्नल नेटवर्कवर एक लॅपटॉप जरी इन्फेक्ट झाला तरी खेळ खल्लास, हे तिकडे कुणाला समजावून घ्यायचंच नव्हतं. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी त्यांच्या वेबसाइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी फाइल सापडली, डॉट वेल-नोन फोल्डरमध्ये असते ती, तिच्यात सिक्युरिटी टीमचा मेल होता. तुम्ही पहिल्या दिवशीच तिथे बघा, सपोर्टच्या नादी लागू नका. मेलमध्ये कुकीशिवाय, म्हणजे लॉगिन न करता, मारलेली एक कर्ल कमांड (कमांड लाइनवरून लिंक उघडणारी) आणि तिचा आउटपुट टाकला, दोन दिवसांत त्यांनी मान्य केलं. हो, स्क्रीनशॉटमधल्या स्ट्रिंग झाकून पाठवा, आणि 90 दिवसांनी ही त्रुटी जाहीर करणार हे पहिल्याच मेलमध्ये लिहा.

स्कोअरवरून पण वाद झाला. त्यांनी सीव्हीएसएस (त्रुटी किती गंभीर याचा 10 पैकी स्कोअर) 5.3, म्हणजे 'मीडियम', दिला होता, गोपनीयतेचं नुकसान 'लो' धरून. अख्खी कॉन्फिग जातेय तर 'हाय' धरायला पाहिजे, मग तोच स्कोअर 7.5, म्हणजे 'हाय', होतो. एकेक पॅरामीटर लिहून पाठवला, त्यांनी बदलला. याचा मला खरंच अभिमान वाटतो, कारण मीडियमवाले पॅच कित्येक ठिकाणी महिनोन् महिने पडून राहतात.

पुढे सीव्हीई नंबर (जाहीर त्रुटींना मिळणारा ओळख क्रमांक), पॅच वगैरे पटापट झालं. पण पॅच टाकून थांबू नका, आधी कुणी फाइल नेली असेल तर जुन्या स्ट्रिंग चालूच राहतात. आम्ही वेब सर्व्हरचे ॲक्सेस लॉग तपासले, सगळ्या स्ट्रिंग आणि लोकल पासवर्ड बदलले, जमेल तिथे एसएनएमपीचं जास्त सुरक्षित व्हर्जन 3 चालू केलं. दोन जुने स्विच व्हर्जन 3 घेत नाहीत, त्यांच्यावर एसीएल (कुणाला आत येऊ द्यायचं याची यादी) लावून एसएनएमपीचा 161 पोर्ट फक्त मॅनेजमेंट सर्व्हरलाच उघडा ठेवलाय.