बंपरमागचा कप्पा अडकला तेव्हा: नऊ दिवसांच्या प्रवासातले दोन दिवस

प्रवास नऊ दिवसांचा होता आणि त्यातले जवळजवळ दोन दिवस दादा आणि मी गाडीच्या नाकासमोर गुडघ्यांवर बसून काढले. बाकीचा रस्ता सोपा होता, त्याबद्दल थोडक्यातच सांगते. घर केलेला जुना कोच घेऊन लांब निघणाऱ्यांना त्या दोन दिवसांचा जास्त उपयोग होईल.

आमची गाडी म्हणजे सीटा काढून राहण्याजोगा केलेला बारा मीटरचा प्रवासी कोच. दादा चालवतो, पान्यांची पेटी माझ्याकडे असते. अशा बऱ्याच कोचमध्ये, उदाहरणार्थ प्रिव्होस्ट आणि एमसीआय या कंपन्यांच्या अनेक गाड्यांत, मूळ स्टेपनी समोरच्या बंपरमागे असते. आमचा बंपर खालच्या बिजागऱ्यांवर पुढे झुकतो. वर मधोमध एक खटका त्याला धरून ठेवतो आणि तो खटका पायऱ्यांजवळच्या मुठीतून केबलने सुटतो. ३१५/८० आर २२.५ मापाचं चाक रिमसकट शंभर किलोच्या पुढे जातं, म्हणून घर करताना पुष्कळ जण ते काढून तिथे सामान ठेवतात. आम्हीही तेच केलं होतं. पाण्याचा पाइप, गाडी समतल करायचे लाकडी ठोकळे, हवेचा होज आणि गाडी ओढायची वेळ आली तर लावायचा लोखंडी हूक, सगळं एकाच कप्प्यात.

पहिला दिवस समुद्राकाठच्या रस्त्याने गेला. पाऊस होता, वारा समोरून होता आणि काचेवर मिठाचा थर बसत होता. संध्याकाळी कप्पा उघडला तेव्हा मूठ जरा जड लागली. तिथेच थांबून बघायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी चढ चढून तळ्याकाठच्या मुक्कामी पोचलो. जागा उतरती होती, डावं पुढचं चाक खड्ड्यात होतं. ठोकळे काढायला मूठ ओढली तर ती मऊपणे भलतीच लांब बाहेर आली. रोजचा 'टक' आवाज आलाच नाही.

दादाने दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मूठ आणखी बोटभर बाहेर आली, बंपर हलला नाही.

"दादा, आता ओढू नकोस," मी म्हटलं. "तुटली तर आत हात घालायला वाट नाही."

अशा वेळी केबलमध्ये काय होतं ते माहीत असलं की निम्मी घाई कमी होते. आतली तार ओढली की खटक्यापर्यंत ओढ पोचते, पण बाहेरचं आवरण दोन्ही टोकांना क्लँपमध्ये घट्ट बसलेलं असलं तरच. क्लँप सुटला की आवरणच सरकतं आणि ओढ त्यातच जिरते. हाताला वाटतं आपण ओढतोय, खटक्याला मात्र काहीच कळत नाही. त्यात जोर लावला तर तारेच्या टोकाची दाबून बसवलेली घुंडी निसटते आणि आतपर्यंत जाणारा एकमेव धागाही जातो. म्हणून मूठ मऊ लागली की थांबायचं. मूठ कडक आहे आणि हलतच नाही, असं असेल तर दुखणं वेगळं: आवरणात तार गंजली आहे, किंवा खटक्यावर भार आला आहे.

आमच्याकडे दोन्ही होतं. क्लँप सुटला होता, कारण खटक्यावर भार होता आणि काही महिने आम्ही जोराने ओढत आलो होतो. भार कुठून आला, ते गाडीसमोर उभं राहिल्यावर दिसलं. बंपरच्या वरच्या कडेला उजवीकडे फटीत पोस्टकार्डसुद्धा शिरत नव्हतं, डावीकडे बोट जात होतं. दोन वर्षांपूर्वी एका वळणावर बंपरचा डावा कोपरा लाकडी खांबाला हलकाच टेकला होता. पत्र्यावर ओरखडा नव्हता, म्हणून आम्ही सोडून दिलं. पण डाव्या बिजागरीची पट्टी थोडी वाकली, बंपर त्या बाजूने खाली बसला आणि वरचा खटका तेव्हापासून तिरक्या ताणात होता.

पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि आम्ही तो उशिरा केला: गाडी सपाट जागेवर न्या. एवढी लांब बॉडी एका कोपऱ्याने खड्ड्यात असली की किंचित पिळवटते. सामानाच्या कप्प्यांची दारंही अशा जागी घट्ट बसतात, हे ज्याच्याकडे कोच आहे त्याने अनुभवलेलं असतं. आम्ही गाडी वीस-पंचवीस पावलं पुढे, टणक आणि सपाट जागी घेतली. उजवीकडची फट लगेच थोडी उघडली. तुमच्या कप्प्यात स्टेपनी असेल तर नाक उताराकडे ठेवून हे काम करूच नका. तिचा पट्टा सैल झालेला असला तर बंपर उघडताच शंभर किलो तुमच्या पायांवर येईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ओढ कुठे अडकली आहे ते बघायला माणूस आपोआप गाडीखाली सरकतो. कोच बेलोंवर, म्हणजे हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर, उभा असतो. बेलो फुटला, नळी निसटली किंवा गाडीची उंची राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हचा दांडा चुकून हलला, तर बॉडी सूचना न देता काही इंच खाली बसते आणि उरलेली जागा खाली पडलेल्या माणसाला पुरत नाही. पार्किंग ब्रेकवर इथे भरवसा ठेवू नका, ब्रेक आणि सस्पेन्शनचं काम उलटं आहे. हवा गेली की पार्किंगचा स्प्रिंग ब्रेक लागतो, पण हवा गेली की सस्पेन्शन बसतं. ब्रेक लागलेली, जागची न हलणारी गाडीसुद्धा माणसाला चिरडू शकते. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि बॉडीखाली उत्पादकाने दाखवलेल्या जागीच पुरेशा क्षमतेचे स्टँड किंवा जाड लाकडांची चळत द्या. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नका. आमचे ठोकळे आणि लाकडं अडकलेल्या कप्प्यातच होती, म्हणून आम्ही खाली गेलोच नाही. दादा दोनदा म्हणाला, "फक्त डोकं घालून बघतो." मी दोन्ही वेळा नाही म्हटलं आणि तो रागावला तरी चालेल असं ठरवलं.

वाट सापडली ती हेडलाइटमधून. उजव्या हेडलाइटची चौकट चार स्क्रूंवर होती. ती काढून दिवा वायरसकट बाजूला टांगला, वायरवर वजन येऊ दिलं नाही. आत मनगट जाईल एवढी पोकळी होती. हात घालण्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला. मोबाइलला जोडायचा लवचीक नळीचा छोटा कॅमेरा आमच्याकडे होता. नसेल तर घ्या, लहान वस्तू आहे आणि अशा गाडीत शंभर ठिकाणी लागते. पडद्यावर पहिल्यांदा नुसता तपकिरी चिखल दिसला. मग दादाने हळू मूठ ओढली आणि आवरण क्लँपमधून अळीसारखं पुढे सरकताना दिसलं. पलीकडे खटक्याची जीभ होती. तिच्या कडेला जुनं ग्रीस, धूळ आणि मीठ मिळून काळपट लापशीसारखा थर झाला होता, आणि जिथे ती बंपरच्या कडीवर टेकत होती तिथे धातू घासून आरशासारखा चमकत होता. भार नेमका तिथे होता.

गंज सोडवणारं पातळ तेल लांब नळीने जिभेच्या खिळीवर आणि स्प्रिंगच्या मुळाशी सोडलं. दर अर्ध्या तासाने थोडं थोडं, अंधार पडेपर्यंत. मग ते रात्रभर मुरू दिलं. इथे घाई करणारे गंज तापवायला गॅसचा ज्वाला-टॉर्च पेटवतात. त्या जागी वायरी, रबर, केबलचं प्लास्टिकचं आवरण आणि बऱ्याच गाड्यांत फायबरचं नाक असतं, वर नुकतंच शिंपडलेलं तेल असतं. ज्वाला तिथे नकोच. पहारही नको. पहारीने बंपर उघडतो, पण नंतर कधीच नीट बंद होत नाही.

सकाळी आम्ही ओढायच्या आधी भार काढला. डाव्या कोपऱ्याखाली छोटा बाटली जॅक ठेवला, वर जाड लाकडी फळी. गाडी उचलायची नव्हती, फक्त खाली बसलेला बंपर मूळ जागी न्यायचा होता. दांड्याचा एकेक छोटा दाब, आणि दर दाबानंतर फटीकडे नजर. डावी फट बोटावरून पेन्सिलीवर आली आणि तिथे मी जॅक थांबवला. मग सामान आवळायचा रॅचेटचा पट्टा बंपरभोवती घेऊन दोन्ही टोकं गाडीच्या भक्कम चौकटीला सैलसर बांधली, म्हणजे सुटला तरी बंपर वीतभरच पुढे येईल. हा पट्टा विसरू नका. एवढ्या रुंदीचा बंपर दोन माणसांना मिळूनही जड असतो.

दादाने बंपरच्या वरच्या कडेला दोन्ही तळवे लावून आत दाबलं. उभा राहिला तो बाजूला, समोर नाही. मी हेडलाइटच्या पोकळीतून आवरण लांब चिमट्याने जागच्या जागी धरलं आणि उघडी तार व्हाइस ग्रिपमध्ये, म्हणजे घट्ट लॉक होणाऱ्या पकडीत, धरून ओढली. पहिल्या वेळी काही नाही. मग दादाने आत दाबून ठेवतच रबरी हातोडीने खटक्याच्या वरच्या बाजूला तीन-चार हलके ठोके दिले, मी ओढ कायम ठेवली. टक. पट्टा ताणला गेला, बंपर वीतभर पुढे आला आणि थांबला. पकड ओढायला मला दोन बोटांचाच जोर लागला होता. आदल्या संध्याकाळी दादाने दोन हातांनी ओढून जे झालं नाही, ते आत दाबल्यावर दोन बोटांनी झालं. तुमचा कप्पा अडकला तर हाच क्रम लक्षात ठेवा: एकाने आत दाबायचं, दुसऱ्याने ओढायचं.

उरलेला दिवस साफसफाईत गेला. खटका काढून डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासला, पुसून कोरडा केला आणि पाण्याला दाद न देणारं ग्रीस पातळ लावलं. जाड थर दिला की पुन्हा तीच लापशी तयार होते. बिजागरीच्या खिळी काढून पॉलिश पेपरने घासल्या आणि अँटी-सीझ, म्हणजे त्या पुन्हा जाम होऊ न देणारा लेप, लावून परत घातल्या. वाकलेली पट्टी तिथे सरळ करायच्या फंदात पडले नाही. भोकं लांबट होती, बोल्ट सैल करून बंपर वर घेतला आणि पुन्हा आवळला. कप्प्याच्या तळाची पाणी जायची दोन भोकं पानं आणि मातीने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. आत साठलेला ओलावा आम्ही किती महिने घेऊन हिंडत होतो कोण जाणे. केबलचा क्लँप नवा बोल्ट घालून बसवला. केबल मात्र घरी आल्यावर पूर्ण बदलली, कारण एकदा आत गंजलेली तार तेलाने थोडे दिवसच चालते. नवीन केबलच्या आवरणाला आतून टेफ्लॉनचं अस्तर असेल तर तिच्यात तेल घालू नका. तेलाला धूळ चिकटते.

आणि दुसरी तार लावली. तीन मिलिमीटरचा स्टेनलेसचा वायर रोप थेट खटक्याच्या दांडीला बांधला आणि मूळ केबलच्या वाटेने न नेता हेडलाइटच्या चौकटीमागे आणून फासा करून ठेवला. बाहेरून दिसत नाही, पण चार स्क्रू काढले की हाताशी येतो. हे काम कप्पा उघडा असताना दहा मिनिटांचं आहे.

सामानाची वाटणीही बदलली. ठोकळे आणि पाण्याचा पाइप आता बाजूच्या कप्प्यात असतात. ओढायचा हूक पलंगाखाली ठेवला आहे, कारण तो लागेल तेव्हा गाडीचं नाक शाबूत असेलच असं नाही. अनेक कोचमध्ये बाहेरून हवा भरायचं तोंडही समोरच्या भागात असतं. गाडी बंद पडली आणि टाकीत हवा नसली तर ब्रेक सोडवायला तेच लागतं. तुमच्या गाडीत ते बंपरमागे आहे का, हे अंगणात उभी असतानाच बघून ठेवा.

पुढचे दिवस सरळ गेले. पठारावरचा रस्ता रुंद होता, वारा कमी होता आणि तळ्याकाठी राहून गेलेला मुक्काम परतीच्या वाटेवर पुरा केला. परत समुद्राकाठचाच रस्ता होता. तो उतरल्यावर पहिल्याच पाण्याच्या नळाशी थांबून बंपर उघडला आणि आतून, खालून, बिजागऱ्यांवरून गोडं पाणी मारलं. जोराच्या फवाऱ्याने नाही, साध्या पाइपने, कारण जोराचा फवारा वायरींच्या जोडात पाणी घुसवतो. मग तासभर उघडाच ठेवला.

डाव्या फटीत मी आता दर मुक्कामाला तीच पेन्सिल घालून बघते. परत येईपर्यंत ती तेवढीच सैल जात होती. वाकलेल्या पट्टीच्या मापाची नवी पट्टी कापून घेतली आहे, पुढच्या प्रवासाआधी ती बसवायची आहे.