पोराच्या छातीत धडधडतं, ईसीजी नॉर्मल आहे, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. साताऱ्यात हा प्रश्न बहुतेक वेळा आईवडील विचारतात. ‘पोरगं बावीस वर्षांचं आहे, पहाटे अजिंक्यतारा चढतं, भरतीची तयारी करतंय. रात्री आडवं झालं की छातीत धडधडतं म्हणतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. मग हे मनाचं आहे का?’

असेलही. पण ते नॉर्मल ईसीजीवरून ठरत नाही. त्या पट्टीवर जेमतेम 10 सेकंदांची नोंद असते, आणि हृदयाचे ठोके दिवसाला साधारण 1 लाख पडतात. धडधड मंगळवारी रात्री झाली आणि पट्टी गुरुवारी सकाळी काढली, तर ती गुरुवार सकाळचंच सांगणार. तरीही ती काढायचीच, कारण काही जन्मजात दोष धडधड नसतानाही तिच्यावर दिसतात. बाकी निदानाची निम्मी वाट पोराच्या तोंडूनच कळते: धडधड सुरू कशी झाली आणि थांबली कशी?

‘मध्येच एक ठोका चुकतो, मग छातीत धस्स होतं’ असं तो म्हणत असेल, तर खरं म्हणजे ठोका चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधी पडतो. तोवर हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो जाणवत नाही. मग जरा लांब खंड पडतो, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय बरगड्यांजवळ येतं, त्यामुळे हे रात्रीच जास्त कळतं. हृदयाची ठेवण चांगली असेल तर असे अधूनमधून पडणारे ठोके सहसा निरुपद्रवी असतात. मात्र होल्टरवर, म्हणजे 24 तास अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर, ते 10 हजारांच्या घरात भरले, तर एको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाचा स्नायू तपासायला हवा.

नाडी मोजताना अनेक मुलं आणखी एका गोष्टीने घाबरतात: श्वास घेताना ती जलद होते, सोडताना संथ. तरुण वयात हे निरोगीपणाचंच लक्षण आहे.

धडधड हळूहळू चढून हळूहळू उतरत असेल, तर कारण बहुधा हृदयाबाहेर सापडतं: ताप, जागरण, काळजी, कमी पाणी, थायरॉईड, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या. मुलींमध्ये हिमोग्लोबिन आधी बघा. 12 च्या खाली असेल तर जिना चढतानाही धडधडू शकतं. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर ती नीट अंगी लागत नाही. एनर्जी ड्रिंकच्या 250 मिलिच्या डब्यात साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन असतं. जिममधल्या काही पावडरींच्या एका चमच्यात त्याच्या तिप्पट-चौपट.

तिसरा प्रकार सर्वात जास्त हुकतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. बटण दाबावं तशी धडधड एकदम सुरू होते. नाडी 150 ते 220, पण एकसारखी. गळ्यात ठोके उडतात, हातपाय कापतात. मग दहा मिनिटांनी, कधी तासाने, एकदम बंद. नंतर भरपूर लघवी होते. ही एसव्हीटी. हृदयात विजेची एक जास्तीची वाट असते आणि तिच्यातून प्रवाह गोल गोल फिरत राहतो. कित्येक मुलींना, विशेषतः लग्नाच्या वयात, ‘टेन्शन घेते’ म्हणून वर्षानुवर्षं घाबरटपणाच्या गोळ्या दिल्या जातात. हा अन्याय आहे. मांडीच्या शिरेतून तार घालून ती वाट जाळता येते आणि बहुतेकांची कायमची सुटका होते.

म्हणून धडधड चालू असतानाच घड्याळ बघा. अंगठ्याने नव्हे, दोन बोटांनी मनगटावर नाडी मोजा. अनियमित असेल तर पूर्ण 60 सेकंद. मोजता येत नसेल तर तोच ताल टेबलावर बोटाने वाजवा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. जवळच्या दवाखान्यात त्याच क्षणी काढलेली एक पट्टी नंतरच्या दहा तपासण्यांना भारी पडते.

डॉक्टरांनी एसव्हीटी नक्की केली असेल आणि परवानगी दिली असेल, तर घरी एक उपाय करता येतो. अर्धवट बसून 10 मिलिच्या बिनसुईच्या सिरिंजमध्ये 15 सेकंद फुंकायचं, दट्ट्या जेमतेम हलेल इतकं. लगेच उताणं व्हायचं आणि दुसऱ्याने दोन्ही पाय 15 सेकंद 45 अंशांत उचलून धरायचे. इंग्लंडमधल्या 2015 च्या अभ्यासात असं केल्यावर 43 टक्के रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले, बसूनच फुंकणाऱ्यांत 17 टक्के. घरी गळ्यावरची नस मात्र दाबू नका.

आता भरतीच्या मैदानाबद्दल. 1600 मीटर संपवून एकदम थांबलेल्या पोराला भोवळ आली, तर बहुधा रक्त पायांत साठलेलं असतं. थांबण्याआधी दोन मिनिटं चालत राहिलं तर ते टळतं. पण पळता पळता जो कोसळतो, त्याची गोष्ट वेगळी. जोर लावताना छाती भरून येणं, धडधडीसोबत शुद्ध हरपणं, किंवा रक्ताच्या नात्यात कुणी चाळिशीआधी अचानक गेलेलं असणं, यातलं एकही असेल तर एको होऊन हृदयरोगतज्ज्ञ सांगेपर्यंत पळणं पूर्ण बंद. भरती पुढच्या वर्षीही निघेल. आणि स्टॅमिन्यासाठी टोचलं जाणारं मेफेन्टरमिन हे भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब चढवण्याचं औषध आहे. पळणाऱ्या हृदयाला ते टोचणं जिवावर बेतू शकतं.

मैदानावर कुणी पडला आणि हाक मारून उठला नाही, तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात पाणी घालू नका. अधूनमधून येणारा घोगरा उसासा म्हणजे श्वास नव्हे. श्वास नीट चालत नसेल तर एकाने 108 ला फोन लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवून 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबत राहावं. दोन मिनिटांनी माणूस बदला. थकलेल्या हाताचा दाब उथळ पडतो, आणि ते दाबणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.