उतरणीचे दुखणे

दुपारी कचेरीत हातातले पेन निसटून टेबलाखाली गेले आणि मी खुर्चीत बसूनच बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. पेन साधेच होते, प्रश्न वाकण्याचा होता. परवा संध्याकाळी जिममध्ये खांद्यावर बार घेऊन बैठका मारल्या, त्यानंतर लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवण्याचा व्यायाम) केले आणि शीळ घालत जिना उतरून घरी आलो. काल सकाळी पाय थोडे जड वाटत होते, इतकेच. आज मात्र दोन्ही मांड्या अशा भरून आल्या होत्या की उठण्यापूर्वी टेबलाची कड धरून मनाची तयारी करावी लागत होती. शेवटी शिपाईमामांनी पेन उचलून दिले आणि विचारले, "काय साहेब, कंबर धरली काय?" मी म्हणालो, "नाही मामा, मांड्या." "मग बरं हाय," असे म्हणून ते निघून गेले. कोल्हापुरात कंबरदुखीला सहानुभूती मिळते आणि मांड्या भरल्या म्हटले की थोडासा मान मिळतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

या दुखण्याची दिरंगाई मला फार आवडते. ठेच लागली की त्याच क्षणी कळते, चटका बसला की हात आपोआप मागे येतो. हे दुखणे मात्र निवांत येते. व्यायामानंतर बारा-चोवीस तासांनी ते डोके वर काढते आणि साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोचते. जिममधली मुले मोठ्या आत्मविश्वासाने "लॅक्टिक ॲसिड साठलंय" असे सांगतात. प्रत्यक्षात ते आम्ल व्यायाम थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निवळलेले असते. त्याला दोषी धरणे म्हणजे गाव सोडून गेलेल्या माणसावर दोन दिवसांनी झालेल्या चोरीचा आळ घेणे होय. थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंवर प्रयोग करून, असे दुखणे स्नायूंच्या आतल्या बारीक फाटण्यामुळे येत असावे, हे १९०२ सालीच मांडले होते. तंतूंना आणि त्यांच्याभोवतीच्या आवरणाला सूक्ष्म इजा होते, मग तिथे सूज येते, दुरुस्तीचे काम सुरू होते आणि त्या गडबडीत आसपासच्या संवेदना इतक्या हळव्या होतात की एरवी न जाणवणारा ताणही दुखू लागतो. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणे उशिरा येते.

त्यातही ही इजा वजन उचलताना कमी आणि खाली सोडताना जास्त होते. भार सांभाळत स्नायू लांबत जातो, म्हणजे बैठकीत आपण हळूहळू खाली जातो, डंबेल सावकाश खाली आणतो किंवा डोंगर उतरतो, तेव्हा तंतूंवर खरा ताण येतो. हे वाचले तेव्हा मला हफपेक्षा आधी माझी आजी आठवली. तिचा जोतिबावर फार जीव. डोंगरावरच्या वाडी रत्नागिरीपर्यंत, म्हणजे देवळाच्या गावापर्यंत, एसटी जात असतानाही निदान एक वाट पायी झाली पाहिजे, हा तिचा हट्ट असे, आणि बहुतेक वेळा ती वाट उतरण्याची असे. कपाळावर, केसांत, सदऱ्याच्या खिशात गुलाल घेऊन मी उड्या मारत पुढे पळायचो, आणि आजी एका हाताने लुगड्याचा काठ आवरत, पायरीला तिरका पाय टाकत, नागमोडी उतरायची. मला तिची चाल म्हातारपणाची वाटायची. दोन दिवसांनी मी माडीवरून एकेक पायरी बसत बसत खाली येत असे, आणि ती खालून पाहत म्हणे, "चढताना दम लागतोय, उतरताना मांड्या भरत्यात. देवाला काय बोल लावू नगंस." मग खोबरेल तेल कोमट करून ती माझ्या मांड्यांना चोळायची. त्या चोळण्याने इजा लवकर भरून येत नसेलही, पण मालिशने दुखणे कमी जाणवते इतके तर आता अभ्यासकही मान्य करतात. आजीने त्यांच्या मान्यतेची वाट पाहिली नव्हती.

पुढे पेठेतल्या तालमीत जाऊ लागलो. (आमच्या गावात तालीम कुस्तीबरोबर फुटबॉलही खेळते आणि गणपतीही बसवते, हे परगावच्या माणसाला समजावून सांगण्याचे मी सोडून दिले आहे.) तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मळलेल्या तांबड्या मातीचा तो वास आणि पहिल्या दिवशीच्या जोर-बैठका. दुसऱ्या दिवशी मी पाय ओढत वस्तादांपुढे उभा राहिलो, ते सुट्टी मिळेल या आशेने. त्यांनी माझ्या मांडीवर अंगठा दाबला, मी ओरडलो, त्यांचे समाधान झाले. "लागलंय न्हवं, भरलंय," असे म्हणून त्यांनी थोड्या, अगदी सावकाश बैठका मारायला लावल्या आणि वर बजावले, "आज आला न्हाईस तर उद्या बी यायचा न्हाईस." हलक्या हालचालीने दुखणे तेवढ्यापुरते उतरते, आणि एकदा असा ताण सोसलेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे तशाच मेहनतीने तितकासा दुखत नाही. दुसऱ्या आठवड्यात मी तेवढ्याच बैठका मारून जिना धावत उतरलो, याचे श्रेय मी तेव्हा दुधाला दिले होते.

उपायांच्या बाबतीत प्रत्येक घराचा आपापला पंथ असतो. आमच्याकडे गरम पाणी आणि हळदीचे दूध. जिममधला एक मित्र बर्फाच्या पाण्यात बसण्याचा पुरस्कर्ता आहे. गार पाण्याने दुखणे थोडे कमी वाटते हे खरे, पण वजनांच्या व्यायामानंतर नेहमीच तसे केले तर स्नायूंची वाढ मंदावू शकते, हेही खरे. माझ्यापुरता हा वाद आमच्या फ्रिजने मिटवला आहे, कारण त्यात बर्फाचा एकच ट्रे आहे. स्नायू ताणण्याचे व्यायाम (स्ट्रेचिंग) करून पाहा असे सगळेच सांगतात, पण त्या व्यायामांनी या दुखण्यात फारसा फरक पडत नाही. झोप आणि पोटभर प्रथिने यांना पर्याय नाही, आणि पांढरा रस्सा हा उपचार आहे असे मी म्हणत नाही. वाटीत मटणाचे तुकडेही असले तर मात्र मी माझ्या मताचा फेरविचार करतो. वेदनाशामक गोळी मी घेत नाही. त्यामागे तत्त्व नाही, खोड आहे. मांड्या दुखत असताना मी जिनाही कठडा धरून पाठमोरा उतरतो, आणि शेजारच्या काकूंनी त्याबद्दल विचारणे आता बंद केले आहे.

मात्र प्रत्येक दुखणे 'भरलंय' या सदरात मोडत नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. बऱ्याच महिन्यांच्या खंडानंतर, मित्रांशी पैज लावून त्याने एका दमात शेकडो उठाबशा काढल्या. दोन दिवसांनी त्याच्या मांड्या टणक सुजल्या आणि लघवी गडद तपकिरी झाली. घरचे तेल गरम करत होते. सुदैवाने त्याच्या बहिणीने लघवीचा रंग ऐकताच रिक्षा बोलावली. स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटले की त्यांतले प्रथिन रक्तात उतरते आणि ते गाळताना मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात; अशा वेळी मालिश, दूध, वस्ताद यांपैकी कशाचाही उपयोग नसतो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. त्याला सलाइनवर ठेवले, मूत्रपिंडे वाचली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याने पुन्हा बैठका सुरू केल्या आहेत, पण आता त्याचे वडील अंगणात खुर्ची टाकून समोर बसतात, मोठ्याने आकडा मोजतात आणि दहावर थांबवतात.