पोटात काय डुचमळतंय?

माळा आवरायला घेतला की तो आवरून होत नाही, हे काही मी नव्याने सांगायला नको. परवा दुपारी खोक्यांच्या मागे जुना कॅम्पिंगचा कंदील सापडला. उचलताना जरा कलला आणि त्याच्या पोटात काहीतरी डुचमळलं. झालं! बाकीची खोकी तशीच राहिली आणि मी टाकीचं झाकण फिरवून वास घेत बसले.

वासावरून तेल ओळखायची मला खोड आहे. रॉकेलचा वास जड, तेलकट. साबणाने हात धुतले तरी बोटांना धरून राहतो. पेट्रोलचा नाकात टोचतो आणि थेट डोक्यात जातो. स्पिरिटचा वास आला की दंडावर इंजेक्शन आठवतं. या कंदिलात होतं रॉकेलच, पण म्हातारं झालेलं. पिवळसर, उग्र, आणि तळाशी पाण्याचे टपोरे थेंब. अर्धी भरलेली टाकी वर्षानुवर्षं पडून राहिली की आतल्या हवेने तेल बिघडतं आणि हवेतला ओलावा थंडीत टाकीच्या पत्र्यावर धरतो. हे पाणी वातीत चढलं की ज्योत तडतडते, आणि लोक कंदिलाला नावं ठेवतात.

लहानपणी आम्हाला मामाबरोबर नदीकाठी तंबूत राहायला मिळायचं. मामाकडे पंपाची बत्ती होती. पेट्रोमॅक्स. संध्याकाळी ती पेटवणं हा एक सोहळा असायचा आणि मामा तो कुणाला करू देत नसे. आधी छोट्या वाटीत स्पिरिट ओतून पेटवायचं. "हे विझत येईपर्यंत पंपाला कुणी हात लावायचा नाही," हे वाक्य तो दर वेळी नव्याने सांगितल्यासारखं सांगायचा. आम्हाला घाई असायची. एवढा वेळ थांबायचं कशाला? मामाचं उत्तर एकच: "तिला गरम होऊ दे." पुष्कळ वर्षांनी कळलं की त्या बत्तीत रॉकेल जळतच नाही, रॉकेलची वाफ जळते. नळी नीट तापलेली नसली तर कच्चं तेल वर उडतं आणि काचेत पिवळा भडका होतो. मग मामा पंप मारायचा, सूंऽऽ आवाज सुरू व्हायचा आणि मेंटल, म्हणजे ज्योतीच्या जागी बांधलेली जाळीदार पिशवी, एकदम पांढरंशुभ्र पेटायचं. मेंटल नवं असलं की आम्हाला ताकीद असायची, कुणी शिंकायचं नाही. कारण पहिल्यांदा पेटवल्यावर कापडाची पिशवी जळून जाते आणि उरतो तो राखेचा सांगाडा. आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये त्याचं मिश्रण बसवलं, ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड. थोरियम किरणोत्सारी असतं, म्हणून हल्ली पुष्कळ मेंटलांत त्याऐवजी यिट्रियम घालतात. आम्ही त्या राखेला बोट लावायला टपलेलो असायचो, आणि नेमकं बोट लागायचंच.

मामाची बत्ती जर्मन घराण्यातली. बर्लिनच्या माक्स ग्रेट्झची. अमेरिकेत कोलमन कंपनीने १९१४ साली काढलेला कंदील दिसायला तिचा चुलतभाऊ वाटावा असा, तोच पंप, तेच मेंटल. पण त्याला लागायचं पेट्रोल. माळ्यावर सापडलेल्या कंदिलाची खरी गोम इथेच आहे. बाहेरून सगळे सारखे दिसतात, पोटाची सवय मात्र प्रत्येकाची वेगळी. रॉकेलच्या वाफेने पेट घ्यायला तेल साधारण ३८ अंशांच्या वर तापावं लागतं. पेट्रोल शून्याखाली चाळीसेक अंशांवरही पेटण्याइतकी वाफ सोडत असतं. वातीच्या साध्या कंदिलात पेट्रोल घातलं तर ज्योतीखालची कोमट टाकी म्हणजे बॉम्बच. हे सांगावं लागतं याचं मला नवल वाटायचं, पण एकोणिसाव्या शतकात लोकांच्या नकळत हेच चाललं होतं. मोटारी यायच्या होत्या, पेट्रोलसारखं हलकं तेल कुणाला नको होतं, म्हणून व्यापारी ते रॉकेलमध्ये खपवायचे. दिवे फुटायचे, घरं जळायची. मग चाचण्या आल्या. ब्रिटनमध्ये १८७९ पासून, तेलाची वाफ किती अंशांवर पेट घेते हे मोजणारं एबलचं उपकरण कायद्यात आलं. बंद भांड्यात तेल हळूहळू तापवायचं, मधूनमधून इवलीशी ज्योत दाखवायची, भप्प झालं की पारा वाचायचा. सरकारी कामात एवढी नाट्यमय गोष्ट दुसरी नसेल.

कोलमनवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांच्या कंदिलाला हवं असतं निखळ पेट्रोल, ज्यात दुसरं काहीच मिसळलेलं नाही असं. १९२० च्या दशकात इंजिनांसाठी पेट्रोलमध्ये शिसं घालू लागले, पुढे शिसं गेलं आणि त्याच्या जागी आणखी कायकाय आलं. मोटारीला ते मानवतं, पण कंदिलाच्या बारीक नळीत त्याची पुटं चढतात आणि नळी तुंबते. म्हणून मग कॅम्पिंगच्या दुकानातला तो शुद्ध नॅप्थाचा, म्हणजे काहीही न मिसळलेल्या पेट्रोलसारख्या हलक्या तेलाचा डबा, पंपावरच्या पेट्रोलच्या कितीतरी पट महाग. कोलमनने नंतर दोन्ही चालतील असे कंदील काढले खरे, पण पंपावरच्या पेट्रोलवर नळी लवकर बदलावी लागते ती लागतेच.

आणि कुणीतरी असतोच, जो सांगतो की डिझेल चालतं. काही चालत नाही. काजळी धरते, तंबूभर वास सुटतो, आणि पंपाच्या बत्तीची नळी जाते ती वेगळीच.

वातीच्या कंदिलाचं त्या मानाने सोपं असायला हवं. स्वच्छ, पाण्यासारखं रॉकेल मिळालं की काम झालं. पण तेच मिळत नाही. विमानं रोज टनावारी जाळतात ते इंधन रॉकेलचंच सख्खं भावंड, आणि आपल्याला एक बाटली हवी असते तर दारोदार फिरायचं. दुकानदार मग शोभेच्या दिव्यांचं पॅराफिन तेल पुढे करतो. धूर नाही, वास नाही, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. खरंही असतं ते, बारीक वातीच्या छोट्या दिव्यात. पण ते रॉकेलपेक्षा दाट. कंदिलाची रुंद पट्टीची वात ते पुरेसं वर ओढू शकत नाही; ज्योत बुटकी राहते आणि तेलाऐवजी वातच जळू लागते. आणि वास नाही म्हणजे काय? कंदिलाला कंदिलाचा वास यायला हवा. लव्हेंडरचा सुगंध असलेलं दिव्याचं तेल मी दुकानात पाहिलं तेव्हा मला खरोखर राग आला होता, आणि त्यातला रंग वातीत अडकून बसतो हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. राग आधी आला, कारण नंतर सापडलं.

घरात माझी दोन नरसाळी आहेत, एक रॉकेलचं आणि एक नॅप्थाचं. दोघांवर चिठ्ठ्या आहेत. त्यांची अदलाबदल करून मला घाबरवणं हा घरच्यांचा आवडता विनोद आहे.

हसू देत. पण त्या रंगीत तेलाच्या बाबतीत मला हसता येत नाही. दिव्याचं तेल रॉकेलपेक्षा दाट असलं तरी तसं पातळच, म्हणून तर ते बारीक वातीतून वर चढतं, आणि मुलाने त्याचा घोट घेतला तर नेमका हाच पातळपणा भोवतो. बाटलीतल्या गुलाबी सरबताला भुललेल्या पोराच्या पोटात जाता जाता ते श्वासनलिकेत घसरतं आणि फुप्फुसात पसरतं. उलटी करवायला जावं तर पुन्हा तीच वाट. मुलं दगावली आहेत यात. युरोपात २००० सालापासून शोभेच्या दिव्यांसाठी असं रंगीत, सुगंधी तेल सामान्य ग्राहकांना विकायला बंदी आहे, आणि २०१० च्या डिसेंबरपासून साध्या तेलालाही काळी, आतलं न दिसणारी, एक लिटरपेक्षा मोठी नसलेली बाटली सक्तीची झाली. वर ठळक इशारा छापावा लागतो: एक घोट, किंवा नुसती दिव्याची वात चोखणंसुद्धा फुप्फुसांना जिवावर बेतणारी इजा करू शकतं.

वात चोखणं. कुठल्यातरी घरात कुठल्यातरी मुलाने ते केलं असणार. नाहीतर हे शब्द कायद्यात कशाला आले असते?