रिमोटचा पंखा आणि भिंतीवरचं बटण

गिरगावातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये बाहेरच्या खोलीचा पंखा बदलायचा होता. साधा पंखा फुलवर ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास फिरला तर महिन्याला साधारण १६ युनिट वाचतात, म्हणून लोहार चाळीतून रिमोटचा बीएलडीसी आणला. अडचण बोर्डाची होती. तिथे एक बटण, शेजारी पाच आकड्यांचा रेग्युलेटर, आणि वर बाबांची अट: "बटण राहिलंच पाहिजे. रात्री अंधारात रिमोट कुठे चाचपडू?"

खोक्यातल्या कागदावर ठळक लिहिलेलं, रेग्युलेटर लावू नका. या पंख्याच्या पोटातच सर्किट असतं. ते २३० व्होल्ट एसीचं डीसी करतं आणि वेगही तेच ठरवतं. रेग्युलेटरने आधीच व्होल्टेज पाडलं की सर्किट नीट चालत नाही, कालांतराने जळूही शकतं आणि वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

वायरमन मामा म्हणाले, "काढता कशाला? पाचावर ठेवा." त्यात तथ्य आहे. नेहमीच्या स्टेपवाल्या रेग्युलेटरमध्ये शेवटच्या आकड्यावर सप्लाय थेट जातो. पण आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा बसायच्या आधी पंखा कमी करतो. मी म्हटलं, "नको मामा, काढूनच टाका."

त्यांनी जुना पंखा उतरवला, नव्याच्या खोक्यात साध्या पंख्याला लागतो तो कंडेन्सर शोधला (यात तो नसतोच), आणि बटण बंद असताना छतातल्या वायरींना टेस्टर लावला. पेटला! कधीकाळी कुणीतरी बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरवर, न घेता न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरवर घेतलं होतं. म्हणजे इतकी वर्षं बटण बंद केलं की पंखा थांबायचा, पण वायर जिवंतच. जुन्या बिल्डिंगीत हे सर्रास सापडतं म्हणे. तुमच्याकडे काम निघालं तर हे आधी बघून घ्या, नुसत्या बटणावर विसंबून कुणाला घोड्यावर चढवू नका. मेन बंद करून मामांनी फेज बटणात घेतला आणि न्यूट्रल सरळ वर सोडला.

मूळ काम त्यामानाने किरकोळ. बटणातून रेग्युलेटरकडे जाणारी आणि रेग्युलेटरमधून पंख्याकडे जाणारी, या दोन वायरी सोडवून कनेक्टरमध्ये एकमेकींना जोडल्या आणि मोकळ्या खाचेत ब्लँक प्लेट बसवली. छतापर्यंत अर्थिंग नव्हतं. थ्री-पिनच्या अर्थिंगची खात्री करून तिथून हिरवी वायर केसिंग पट्टीतून वर नेली. मामांना ते जास्तीचं काम वाटलं, मला नाही.

आता बटण चालू असेल तरच रिमोट चालतो, हे घरात सगळ्यांना एकदा सांगावं लागलं. रिमोटने बंद केलेला पंखा थोडी वीज खातच राहतो, त्यामुळे बाहेर जाताना बटणही बंद करतो. आमच्या मॉडेलला शेवटचा वेग लक्षात राहतो, म्हणून बाबा रिमोटला हातही लावत नाहीत. आईने तीनवर ठेवलेला पंखा बटण दाबलं की तीनवरच फिरतो. काढलेला रेग्युलेटर चांगला होता, तो स्वयंपाकघरातल्या जुन्या पंख्याला लागला.