मोटर कोच : रंग उतरला, पण खांबांना तडे गेले

मंडळी, मागच्या वेळी माझ्या मुंबई लोकलच्या मॉडेलमधल्या मोटर कोचची (मोटर असलेल्या डब्याची) प्लास्टिकची बॉडी जुना रंग काढायला ९९ टक्के आयपीएत (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवून बरणीचं झाकण लावलं होतं, तिथून पुढे. सकाळी बघतो तर पांढरा-जांभळा रंग सायीसारखा सुटून तळाशी बसलेला. मऊ टूथब्रश फिरवला आणि खिडक्यांखालची रिव्हेटची अख्खी ओळ वर आली. आधीच्या मालकाने इतके थर चढवले होते की ती ओळ तिथे आहे हेच मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं बाल्कनीत उजेडाला धरून नुसता बघत बसलो.

मग बॉडी उलटी केली. चॅसीचे (खालच्या सांगाड्याचे) स्क्रू बसतात त्या चार खांबांपैकी तिघांपासून केसाएवढे तडे निघालेले. एक तर थेट गार्डच्या दारापर्यंत पोहोचलेला.

दोन दिवस आयपीएलाच दोष देत होतो. पण आयपीएने चौथा खांब का सोडला? चॅसी काढल्यावर स्क्रू हरवू नयेत म्हणून मी ते परत आपापल्या भोकांत घट्ट पिळून ठेवले होते. चौथा स्क्रू मुळात नव्हताच, बॉडी घेतली तेव्हापासून. आणि तिथे एकही तडा नाही.

खात्री करायला दारं कापताना उरलेल्या एबीएसच्या (बॉडीचं प्लास्टिक हेच) दोन पट्ट्या घेतल्या. एक सरळ ठेवली, दुसरी वाकवून क्लिपने जखडली, आणि दोन्ही एकाच बरणीत सोडल्या. संध्याकाळपर्यंत वाकवलेली चिरली होती, सरळ जशीच्या तशी. म्हणजे अल्कोहोल एबीएसला विरघळवत नाही. प्लास्टिक जिथे ताणलेलं असतं तिथे शिरून त्याची पकड ढिली करतं. ॲसिटोन एबीएसला सरळ विरघळवतं, ते नुकसान डोळ्यांसमोर होतं, हात लगेच मागे घेता येतो. हे मात्र रात्रभर गुपचूप चालतं, म्हणून मला जास्त धोक्याचं वाटतं.

नौपाड्यात रंगाच्या दुकानात एनसी थिनर (लॅकर रंगाचं जहाल थिनर) घ्या म्हणून फार आग्रह झाला. घेऊ नका. दारांच्या चौकटी मी स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या आहेत, थिनरने त्यांचा चिखल झाला असता. डॉट ३ ब्रेक ऑइल धातूच्या मॉडेलसाठी ठेवा, ताणातल्या एबीएसवर तेही भरवशाचं नाही. आयपीए मी लॅमिंग्टन रोडवरून इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडचंच आणतो. मेडिकलमधल्या ७० टक्केवाल्यात पाणी फार, रंग सुटायला खूप वेळ लागतो. शिवाय आयपीए हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पावसाळ्यात कळव्याला खाडीची हवा आहेच, त्यामुळे बरणी उघडी टाकायची नाही. आणि वाफ साधारण १२ अंशांवरही पेट घेऊ शकते, तेव्हा बरणी बाल्कनीत, देवघरातल्या निरांजनापासून लांब.

तड्यांची डागडुजी चालू आहे. प्रत्येक तड्याच्या टोकाला ०.३ मिमीच्या ड्रिलने भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. एबीएसचा कीस ॲसिटोनमध्ये कालवून आतून भरला. बाहेरून आता नखाला लागत नाही.

लूव्हरच्या (हवेसाठीच्या तिरक्या पात्यांच्या झरोक्याच्या) फटींत राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, अजून अडून बसलाय. स्प्रे प्रायमरमधलं थिनर प्लास्टिकला थोडं चावतं, म्हणून तो रंगासारखा सोलून निघत नाही. टूथपिकला छिन्नीसारखं टोक काढून, थेंबथेंब आयपीए लावत एका बाजूच्या सहा फटी मोकळ्या केल्या. दीड तास लागला, पण पात्यांची धार शाबूत आहे. उरलेल्या बाजूलाही हेच करणार होतो, पण आता लिहिता लिहिता सुचलं : बुडवायचंच कशाला? पोटीस बांधतो तसं करू. टिश्यूची घडी आयपीएत भिजवून हव्या त्या भागावर ठेवायची, वरून क्लिंग फिल्म, वीस मिनिटांनी उघडून बघायचं. खांब कोरडेच राहतील.

तेव्हा तिन्ही ट्रेलर कोच (मोटर नसलेले डबे) बरणीत टाकायचा बेत रद्द. मुंबईच्या हार्बर मार्गावर शेवटची डीसी (जुन्या एकदिश विजेवर चालणारी) लोकल एप्रिल २०१६ मध्ये धावली. माझा रेक (डब्यांची अख्खी गाडी) त्याआधीच्या पिवळ्या-तपकिरी रंगातच हवा आहे, त्याला चार दिवस जास्त लागले तरी चालतील. रविवारी पहिलं पोटीस एका ट्रेलरच्या मधल्या दोन खिडक्यांवर. स्क्रू सगळे काढून डबीत ठेवलेत.